चेंडू चामड्याचा आहे का?

आमच्या आईला बातमी कळली तेव्हा तिने दोनच प्रश्न विचारले. चेंडू चामड्याचा असतो का? आणि तिथे अंडी खायला लावतात का? बातमी अशी, की धाकट्या बहिणीची मुलगी पुण्याला शिकायला गेली आणि तिथे रग्बी खेळायला लागली. आता कुठल्याशा शिबिरासाठी तिची निवड झालीय, नीट खेळली तर पुढे पैसेही मिळतील. भाचीने फोनवर हसत उत्तरं दिली. आजी, पूर्वी चामड्याचा असायचा, आत डुकराचा फुगा असायचा, आता सिंथेटिक रबराचा असतो. अंडी नाही खात, पनीर, सोयाबीन, शेंगदाणे खाते. आई म्हणाली, "मग खेळू दे की." आणि माळ घेऊन बसली.

बहिणीचं मात्र समाधान झालं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती शनवाऱ्याहून चालत माझ्याकडे आली आणि मोबाइल पुढे धरला. हिरवं मैदान, एक मुलगी चेंडू छातीशी धरून पळतेय, समोरून आमची भाची खाली वाकून येते, तिच्या कमरेला मिठी मारते आणि दोघी धाडकन जमिनीवर. ती दुसरी मुलगी लगेच उठली नाही. "ताई, ही हिंसा नाही का?" बहीण म्हणाली. "तूच सांग तिला. तुझं ऐकते. पाठशाळेत तूच शिकवलंस ना तिला, मुंगी पायाखाली आली तरी मिच्छामि दुक्कडम म्हणायचं म्हणून?"

खरंच शिकवलं होतं. स्थानकातल्या पाठशाळेत सात वर्षांच्या त्या पोरीला मी हिंसेचे चार प्रकार पाठ करून घेतले होते. संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. ठरवून केलेली, घरकामात होणारी, धंद्यात होणारी आणि स्वतःच्या रक्षणासाठी करावी लागणारी. श्रावकाला पहिली पूर्ण वर्ज्य, बाकीच्या तीन जितक्या कमी करता येतील तितक्या. पोरगी घडाघडा म्हणून दाखवायची आणि तिला प्रसादाचा पेढा मिळायचा. आता बहीण मला विचारत होती, की ही धडक कुठल्या खणात ठेवायची?

मी म्हटलं, मला जरा वेळ दे. त्या वेळात मी जे वाचलं, जे पाहिलं आणि जे मनात आलं, ते इथे लिहितेय. मैत्रिणींनो, मला या खेळातलं काही कळत नव्हतं, अजूनही फार कळतं असं नाही. कबड्डी मात्र आपण सगळ्यांनी अंगणात पाहिलीय. तिथे एकटी आत जाते आणि सात जणी तिला धरतात. रग्बीत पंधरा विरुद्ध पंधरा. चेंडू हातात घेऊन पळायचं, दुसऱ्याकडे टाकायचा तर पुढे नाही, मागेच टाकायचा. चेंडू ज्याच्या हातात असेल त्यालाच समोरच्याने आडवं पाडायचं. त्याला टॅकल म्हणतात. नियम असा, की टॅकल करताना हातांनी कवळा घालायलाच हवा. नुसता खांदा मारला तर तो गुन्हा. खांद्याच्या वर धरलं तर गुन्हा. हवेत असलेल्याला ओढलं तर गुन्हा. आणि एक सरसकट नियम आहे: बेपर्वाईने किंवा धोकादायक असं काहीही करायचं नाही.

बेपर्वाई हा शब्द वाचला आणि मी थांबले. आपल्याकडे त्याला प्रमाद म्हणतात. उमास्वातींनी हिंसेची व्याख्या केली ती नुसती जीव घेणं अशी केलेली नाही. प्रमादाच्या योगाने घेतलेला जीव, अशी केलीय. चार हात जमीन पाहत चालणाऱ्या साधूच्या पायाखाली अचानक जीव आला तर त्याला तसा बंध नाही, आणि न पाहता चालणाऱ्याच्या पायाखाली एकही जीव मेला नाही तरी त्याला दोष आहे. म्हणजे एडिंबरो-लंडनच्या पंचांची शिटी आणि आमच्या महासतीजींचं व्याख्यान एकाच ठिकाणी बोट ठेवतं. मला वाटलं, सापडलं उत्तर. नीट, नियमात राहून, जयणेने टॅकल केली तर हिंसा नाही. बहिणीला फोन लावणारच होते.

पण मग भाचीनेच मला एका खेळाडूचं नाव सांगितलं. मावशी, तुला या खेळाबद्दल वाचायचंच असेल तर डॉडी वेअर वाच, म्हणाली.

हा स्कॉटलंडचा. 1970 सालचा जन्म, साडेसहा फूट उंच, शेतकऱ्याच्या घरातला. स्कॉटलंडसाठी 61 सामने खेळला, 1990 पासून 2000 पर्यंत. त्या काळाच्या मध्यावर एक मोठी गोष्ट घडली. 1995 च्या ऑगस्टमध्ये रग्बीच्या जागतिक संघटनेने खेळाडूंना पगार देण्यावरची बंदी उठवली. तोपर्यंत हा खेळ म्हणजे नोकरी, शेती, दुकान सांभाळून शनिवारी खेळायचा. वेअर पहिल्या पगारी खेळाडूंपैकी एक झाला, इंग्लंडातल्या न्यूकॅसलच्या संघात गेला. 1997 ला ब्रिटन आणि आयर्लंडचे निवडक खेळाडू दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेले त्यात तो होता. तिथे एका सामन्यात समोरच्या एका खेळाडूने त्याच्या गुडघ्यावर मुद्दाम लाथ मारली. चेंडू नव्हता, काही नव्हतं. वेअरचा दौरा तिथेच संपला. चित्रफीत आहे त्याची. मी एकदा पाहिली, दुसऱ्यांदा पाहवली नाही. ही संकल्पी. इथे मला पाठशाळेतल्या पोरीसारखं झटकन उत्तर देता येतं, पेढा मिळेल.

अवघड पुढे आहे. खेळ सोडून बरीच वर्षं झाल्यावर, 2017 च्या जून महिन्यात वेअरने जाहीर केलं, की त्याला मोटर न्यूरॉनचा आजार झालाय. स्टीफन हॉकिंगना होता तोच. स्नायूंना हलवणाऱ्या नसा एकेक करून मरत जातात. हात जातो, चालणं जातं, बोलणं जातं, गिळणं जातं, आणि माणसाला हे सगळं कळत असतं. त्याच वर्षी नोव्हेंबरात एडिंबरोच्या मैदानावर न्यूझीलंडविरुद्ध सामना होता. वेअर आपल्या तीन मुलांना घेऊन सामन्याचा चेंडू हातात धरून मैदानात आला आणि सगळं मैदान उभं राहिलं. चट्ट्यापट्ट्यांचे भडक सूट घालायची त्याला हौस. त्याने संस्था काढली, या आजारावरच्या संशोधनासाठी पैसा उभा केला. 26 नोव्हेंबर 2022 ला तो गेला. बावन्न वर्षांचा होता.

त्याचा आजार रग्बीने झाला असं कुणी म्हणू शकत नाही, एका माणसाबद्दल तसं सांगताच येत नाही. पण तो गेला त्याच वर्षी ग्लासगोच्या डॉक्टरांनी एक अभ्यास छापला. स्कॉटलंडकडून खेळलेले 412 जुने खेळाडू आणि त्यांच्याच वयाची, त्यांच्यासारख्याच वस्तीत राहणारी 1236 साधी माणसं, यांची तुलना. मेंदू झिजत जाण्याचे आजार खेळाडूंमध्ये सुमारे अडीच पट. मोटर न्यूरॉनचा आजार तर पंधरा पट, जरी मोजायला माणसं थोडी होती. आणि त्याच अभ्यासात आणखी एक आकडा आहे, जो बहिणीला सांगितला तेव्हा ती गोंधळली: हे खेळाडू इतरांपेक्षा थोडे जास्त जगले. ते सरासरी 79 च्या आसपास गेले, बाकीचे 76 ला. शरीर धडधाकट राहिलं, डोकं आधी थकलं. हे सगळे पुरुष खेळाडू, हेही सांगायला हवं. बायकांचा खेळ एवढा जुना नाही, त्यांचे आकडे यायला आमच्या भाचीची पिढी म्हातारी व्हावी लागेल.

आता माझं ते सापडलेलं उत्तर टिकतं का? या 412 जणांत बेपर्वा कितीसे असतील? बहुतेकांनी नियमातच खेळ केला, कवळा घालूनच पाडलं, सामना संपल्यावर हात मिळवले. कुणाचा संकल्प नाही, फारसा प्रमादही नाही. तरी इजा झाली. ती एका धडकेची नाही, हजारो नीट, कायदेशीर, टाळ्या पडलेल्या धडकांची. खणात बसेल अशी हिंसा नाही ही, थेंबाथेंबाने साठलेली.

दोघींची संमती असते ना, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हटलं. पण संमतीने वैर जातं, वेदना जात नाही. आणि वीस वर्षांची पोरगी कशाला संमती देते? आजच्या खरचटण्याला. साठीत सुनेचं नाव आठवणार नाही, याला तिने संमती दिलेली नसते, तिला ते दिसतच नाही. ते दिसायला हवं ते आम्हा मोठ्यांना. अभ्यास छापून आला त्या दिवसापासून माहीत नव्हतं म्हणायची सोय संपली, आणि माहीत असून जे तसंच चालू ठेवतात, प्रमाद तिथे सरकला. मैदानावरून उठून तो कचेरीत, प्रशिक्षकाच्या शिटीत आणि बघणाऱ्यांच्या खुर्चीत जाऊन बसला. स्कॉटलंडवाल्यांनी निदान काही हालचाल तरी केली. डोक्याला मार लागल्याची नुसती शंका आली तरी खेळाडूला बाहेर बसवायचं, असा सगळ्या खेळांसाठी एकच नियम देशभर करणारा तो पहिला देश, 2015 साली. आणि 2023 पासून तिथल्या हौशी सामन्यांत टॅकल छातीच्या मधल्या हाडाच्या खालीच करायची.

हे वाचताना मला आमचे लूम आठवले आणि माझा आवाज जरा खाली आला.

बुऱ्हाणपूरच्या बायकांना सांगायला नको. माझ्या सासरी चोवीस पॉवरलूम होते. लग्न होऊन आले तेव्हा रात्रभर ती खडखड ऐकून झोप लागायची नाही, पुढे लूम बंद पडले की जाग यायची. कारखान्यात सगळे ओरडून बोलायचे. पंचवीस-तीस वर्षं लूमवर उभा राहिलेला कारागीर घरी आल्यावरही ओरडूनच बोलायचा, आम्हाला वाटायचं स्वभावच तसा. तो बहिरा झालेला असायचा. त्याने कान आमच्या धंद्यात घातले होते. कुणी मुद्दाम केलं नाही, सासरे तर इतके जीवदयावाले की खळीच्या हौदावर जाळी घालून घेतली होती, माशी पडू नये म्हणून. माशीसाठी जाळी होती. कानात घालायला कापूस कुणी दिला नाही. उद्योगी हिंसा म्हणून ते एका खणात ठेवलं आणि तो खण आम्ही पुन्हा उघडला नाही. बहिणीच्या घरी अजूनही लूम आहेत. तिला हे मी बोलले नाही. बोलायला हवं होतं.

आणि अंगाला त्रास देण्याचंच म्हणाल, तर तो आपल्याला कुठे परका आहे? चातुर्मासात आमच्या गल्लीत एकीने अठ्ठाई केली. सहाव्या दिवशी तिला उठवेना, डोळ्यांपुढे अंधारी येत होती. आम्ही तिच्या अंगणात जमून आणखी जोरात गाणी म्हटली. तपाची आणि खेळाची बरोबरी मी करत नाही, तप कर्मं झडावीत म्हणून असतं आणि खेळ जिंकण्यासाठी. पण त्या दिवशी तिचा हात हातात घेऊन, बाई, पारणं कर, असं म्हणणारी एकही नव्हती. मीही नव्हते. बाईच्या सोसण्याला टाळ्या वाजवायला आपण शिकलेल्या आहोत. मग पोर स्वतःच्या हौसेने सोसायला लागली की तिथे आपल्याला अहिंसा का आठवते? बहिणीच्या प्रश्नात हिंसेची काळजी किती आणि गुडघ्यावर व्रण असलेल्या मुलीचं लग्न कसं ठरेल याची किती, हे मी तिला विचारलं. ती म्हणाली, "दोन्ही." निदान खरं बोलली.

अंगाशी अंग भिडणं आपल्या धर्माला वर्ज्य असतं, तर भरत-बाहुबलीची कथा आपण लेकरांना सांगितलीच नसती. दोन भाऊ, दोन सैन्यं समोरासमोर. मंत्री म्हणतात, हजारो माणसं कशाला मारता, तुम्ही दोघंच लढा. दिगंबर कथेत नजरेचं, पाण्यातलं आणि कुस्तीचं अशी तीन युद्धं, आपल्याकडच्या कथेत पाच. म्हणजे हत्यारांच्या लढाईला पर्याय म्हणून मल्लयुद्ध आलं, हिंसा कमी व्हावी म्हणून. मी पाठशाळेत ही गोष्ट नेहमी बाहुबलीच्या उचललेल्या मुठीपर्यंत रंगवून सांगायची, मग ती मूठ भावावर न पडता स्वतःच्या केसांकडे जाते, तिथे मुलं गप्प व्हायची. पण त्यापुढचा भाग या वेळी मला जास्त टोचला. वर्षभर उभा राहून, अंगावर वेली चढूनही त्याला केवलज्ञान होत नाही, कारण मनात मान उरलेला असतो. बहिणी येऊन सांगतात, दादा, हत्तीवरून उतर. कुस्तीत इजा कुणालाच झाली नव्हती. अडकवलं ते जिंकण्याने. (स्कॉटलंड आणि इंग्लंड ज्या करंडकासाठी दरवर्षी खेळतात तो कोलकात्यात बनला, तिथला क्लब बंद पडला तेव्हा बँकेतले चांदीचे रुपये वितळवून, 1878 साली. भाचीने फोटो दाखवला. झाकणावर हत्ती आहे. मला हसू आलं, तिला कळेना का.)

गेल्या हिवाळ्यात मी पुण्याला गेले आणि तिचा एक सामना पाहिला. मैदानाच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्च्या, थोडेसे आईबाप, चहाची किटली. शेजारी बसलेल्या एका बाईने मला कौतुकाने सांगितलं, की भारताच्या मुली पंधरा जणींचा खेळ 2018 ला पहिल्यांदा खेळल्या आणि पुढच्याच वर्षी मनिलाला सिंगापूरला हरवलं, 21-19. कप्तान आपल्या पुण्याची, वाहबिझ भरूचा, आणि ती स्वतः फिजिओथेरपिस्ट. हे ऐकून मला का कोण जाणे बरं वाटलं. शरीर कसं मोडतं हे शिकलेली मुलगी या खेळात पुढे उभी आहे, म्हणजे डोळे मिटून नाही.

मग सामना सुरू झाला. पहिली पाच मिनिटं मी नवकार म्हणत होते. नंतर कधी थांबले ते आठवत नाही. समोरच्या संघाची एक उंच मुलगी चेंडू घेऊन सुटली, कुणाच्या हाती लागेना, आणि आमची भाची कोपऱ्यातून तिरकी धावत आली. व्हिडिओतल्यासारखीच वाकली, कवळा घातला, दोघी रेषेच्या बाहेर जाऊन पडल्या. मी उभी राहून टाळ्या वाजवत होते. ओरडलेसुद्धा. काय ओरडले ते लिहीत नाही.

ती उंच मुलगी पडूनच होती. पोट धरून, गुडघे दुमडून. सगळे थांबले, पाणी घेऊन कुणी धावलं. मी उभीच होते, हात टाळीसाठी वर उचललेले. करणं, करवणं आणि अनुमोदणं, तिन्हींचा बंध सारखा, हे मी किती मुलांना शिकवलं असेल. भाचीने तिला पाडलं तेव्हा तिच्या मनात चेंडू होता, मी तिथेच होते, मला तिचा चेहरा दिसला. माझ्या मनात काय होतं? ती पडली याचा आनंद होता. खेळणारीपेक्षा मीच जास्त हिंसक होते, बसल्या जागी, शाल पांघरून.

मुलगी उठली. वारा निघून गेला होता फक्त, म्हणजे श्वास कोंडला होता. भाची तिच्यापाशी गुडघ्यावर बसलेली होती, पाठ चोळत होती, काहीतरी बोलत होती. सामना संपल्यावर दोन्ही संघ समोरासमोर रांगा करून उभे राहिले आणि एकमेकींमधून टाळ्या वाजवत गेले. ही या खेळातली रीतच आहे म्हणे. रात्री खोलीवर मी भाचीला विचारलं, तू त्या मुलीला काय म्हणालीस? "विचारलं, की डोकं आपटलं का. आपटलं असेल तर खेळू नकोस, जिंकायचं मरू दे." मग जरा थांबून म्हणाली, "मावशी, पण मागच्या वर्षी माझं आपटलं होतं तेव्हा मी सांगितलं नव्हतं. सेमीफायनल होती."

घरी कुणालाच माहीत नव्हतं हे. दोन दिवस उजेड सहन होत नव्हता म्हणाली, अंधार करून पडून राहिले आणि तिसऱ्या दिवशी सरावाला गेले. मी तिच्या केसांतून हात फिरवला, काही टेंगूळ वगैरे हाताला लागेल असं उगाच वाटलं. तिला जे विचारायला मी बुऱ्हाणपूरहून आले होते ते, म्हणजे दुसऱ्याला मारणं हिंसा की नाही, ते राहूनच गेलं. स्वतःचा जीव हाही जीवच आहे, सहाच्या सहा कायांत तुझी एक काया मोजलेली आहे, एवढंच मी म्हटलं. ती म्हणाली, मावशी, झोप आता.

परतल्यावर बहिणीने विचारलं, सांगितलंस का तिला सोडून द्यायला? मी नाही म्हटलं. शिबिराला जायचं की नाही ते ती ठरवेल, पण मी तिच्याकडून एक नियम घेतलाय. आपण महासतीजींपाशी घेतो तसा, हात जोडून, वर्षभराचा. डोकं आपटलं की त्याच क्षणी हात वर करायचा, फायनल असली तरी, पैसे जाणार असले तरी. आणि त्या रात्री मला फोन करायचा. तिने घेतला. बहीण म्हणाली, "आणि तू? तू काय नियम घेतलास?"

मी पुढच्या सामन्याला जाणार आहे, मार्चमध्ये. टाळ्या वाजवणार की नाही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. लूमवरच्या जुन्या कारागिराकडे मात्र गेल्या आठवड्यात जाऊन आले. लोधीपुऱ्याच्या पुढे राहतो. त्याच्या सुनेने चहा केला. मी बराच वेळ बोलत होते, मिच्छामि दुक्कडमही म्हटलं, आणि तो हसून मान हलवत होता. निघताना सुनेने सांगितलं, बाई, त्यांना काही ऐकू आलं नाही, तुम्ही उजव्या बाजूला बसला होता.